बासष्टवर थांबलेलं रक्त

सीतारामच्या धाकट्या मुलीचं, प्रेमाचं, बारसं झालं ते साल १९८४. त्याच आठवड्यात त्यानं घाटकोपरला रक्त तपासायची छोटी खोली उघडली आणि एका लाकडी स्टँडबरोबर सहा काचेच्या नळ्या आणल्या. मित्रांनो, त्या सहांतली एक मी.

तापलेली काच लांब ओढून मला घडवलं आणि अंगावर शून्यापासून दोनशेपर्यंत रेघा कोरल्या. अक्षर एकही नाही, म्हणून आकड्यांपलीकडचं मला फारसं कळत नाही. काम मात्र साधं. माणसाचं रक्त माझ्यात भरायचं, मला सरळ उभं करायचं, तासभर हात लावायचा नाही. लाल गाळ खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं. गाळ जितका झपाट्यानं बसेल, तितकी अंगात कुठेतरी सूज जास्त. कुठे, ते मला सांगता येत नाही. पुरुषाचा आकडा पंधराच्या आत असला की बरं.

समोरच्या दवाखान्यातल्या डॉ. क्षमा म्हणायच्या, "सीताराम, तुझा आकडा आला की मी दुसऱ्याला विचारत नाही." ते ऐकून मी जरा जास्तच ताठ उभी राहायचे.

पावसाळा संपता संपता सीतारामचा थोरला भाऊ दशरथ आला. गिरणीचं काम सुटून त्याला दोन वर्षं झाली होती. आरे कॉलनीच्या बाजूला एका डेअरीत काम मिळत होतं, पण रक्ताचा दाखला हवा होता. क्षयाचा संशय असलेला माणूस दुधाजवळ कोण ठेवणार? चढावर छाती आवळते, असंही तो म्हणाला. पण डॉ. क्षमांनी काढलेला कार्डिओग्राम चांगला होता, कोलेस्टेरॉलही चांगलं.

माझ्यात मात्र रक्त बासष्टवर गेलं.

सीतारामला वाटलं, स्टँड कलला असेल. त्यानं खाली पुठ्ठा सरकवला, मला धुऊन वाळवलं, पुन्हा रक्त भरलं. साठ.

"दादा, हो आकडो बरो नाय."

"मग बरो लिही."

"तसा नाय करूक येवचा."

"दोन वर्सा घरात बसलंय रे! तुझी ही काचेची नळी माका नोकरी देतली काय?" दशरथ हसला. मग हळूच म्हणाला, "तुझी वैनी आता काय बोलत पण नाय. लिही मा."

सीतारामनं मला स्टँडवरून काढून धुतलं. मग त्यानं कागदावर लिहिलं, बारा.

दशरथ कामाला लागला, पेढे देऊन गेला. तिसऱ्या महिन्यात डॉ. क्षमा दशरथच्या शवविच्छेदनाचा कागद घेऊन खोलीत आल्या.

"हृदयाच्या धमनीची भिंत सुजून फाटली होती रे. तिथेच गुठळी झाली. तुझा आकडा तर बारा होता ना?"

"बासष्ट होता, डॉक्टर."

त्या स्टुलावर बसल्या.

"तो त्याच सुजेचा होता का?" सीतारामनं विचारलं.

"ठाऊक नाही. धमनीत नुसती चरबी साचत नाही, भिंतच आतून सुजते, असं आत्ता कुठे कोणी कोणी म्हणायला लागलंय. पण तो आकडा दाताचाही असू शकतो, क्षयाचाही."

"मी खरा लिहिला असता तर दादा वाचला असता?"

"तेही ठाऊक नाही. पण मी शोधत राहिले असते."

त्यानंतर सीतारामनं मला कधी स्टँडवर लावलं नाही. कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलं. मला अजून उलगडत नाही. मी दाखवलं ते हृदयाचं होतं की आणखी कशाचं? मी वाकडी नव्हते, मळकी नव्हते, तरी माझंच काही चुकलं असं का वाटतं? एवढी बडबड करायला मला तोंड असतं, तर त्या दिवशी तरी काय बोलले असते? फक्त बासष्ट. कुठली सूज, ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. नको असलेला आकडा आला तर तो आहे तसाच लिहा. घरच्या माणसाचा असेल तर आधी लिहा.

दशरथ पेडणेकर, वय सेहेचाळीस, १८ डिसेंबर १९८४ रोजी सकाळी डेअरीत बाटल्यांचा क्रेट उचलताना वारला.