नाव : अजून नाही

मित्रांनो, मी एक जुना पक्षी आहे. बाहेरून पक्षी आणि आतून कापूस. डोळ्यांच्या जागीही कापूसच आहे, त्यामुळे मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळे येते आणि भीती चारही बाजूंनी वाटते. मेलेल्याला कसली आली आहे भीती, असे तुम्ही म्हणाल. तुम्ही कधी ड्रॉवरमध्ये राहिला नाहीत.

माझी जात वटवट्याची. अंगठ्याएवढे अंग, त्याहून लांब शेपटी आणि शेपटीहून लांब बडबड. दिल्लीच्या उत्तरेला रिज म्हणून एक खडकाळ, काटेरी टेकडी आहे. तिथे हिंदूराव नावाच्या भागात माझे बाभळीचे झुडूप होते. जिवंतपणी मी शिक्र्याला, मांजराला, मुंगसाला आणि एका विशिष्ट माकडाला घाबरत असे. काचेलाही घाबरायचे असते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

झाले असे, की तिथे पद्माकर आणि नीला नावाचे मराठी जोडपे भाड्याने राहत होते. पद्माकर एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. दिवाळी तोंडावर आली होती, आणि नीलाबाईंनी खिडकीची काच वर्तमानपत्राने घासून इतकी लख्ख केली की ती नाहीशीच झाली. मला तिच्यात आकाश दिसले. मी आकाशात गेलो. आकाश कडक होते.

"अहो, बाहेर या आधी!"

"काय फोडलंस?"

"काच नाही फुटली. पाखरू गेलं. माझ्यामुळे गेलं हो."

पद्माकरांनी मला खिडकीखालून उचलले आणि रुमालावर ठेवले. मग म्हणाले, "पोळ्यांच्या डब्यात ठेवू का याला, कॉलेजात नेईपर्यंत?"

"आणि पोळ्या?"

"कागदात नेतो."

"न्या. पण तो डबा परत घरात आणू नका."

पुढचे दोन तास मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही कदाचित जेवत असाल. एवढेच सांगतो, की शेवटी मी पाठीवर आडवा, पंख मिटलेला, पोटात कापूस भरलेला असा तयार झालो. पद्माकरांनी माझी चोच मोजली, शेपटी मोजली, पुस्तके उघडली. भुवई एका पुस्तकातल्या वटवट्यासारखी निघाली आणि शेपटी दुसऱ्या पुस्तकातल्या. चोच कुठल्याच पुस्तकात नव्हती. घरी गेल्यावर नीलाबाई म्हणाल्या म्हणे, "काहीतरी लिहा आणि मोकळे व्हा." दुसऱ्या दिवशी ते माझ्याशी एकटेच बोलले, "चुकीचं नाव एकदा चिकटलं की निघत नाही रे. थांबू या आपण." मग त्यांनी माझ्या डाव्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आणि लिहिले ते वाचूनही दाखवले : "नाव : अजून नाही. जागा : हिंदूराव, खिडकीखाली." खाली तारीख घातली.

ही चिठ्ठी तात्पुरती होती. नाव सापडले की इंग्रजीत पक्की करायची होती. पण पद्माकरांना नागपूरला नोकरी लागली आणि ते गेले. तात्पुरत्या चिठ्ठीला आता बासष्ट वर्षे झाली आहेत.

पहिली काही वर्षे बरी गेली. विद्यार्थी ड्रॉवर उघडत, "किती हलका आहे!" म्हणत. ही माझ्या आयुष्यातली एकमेव स्तुती, आणि तीही कापसाची. मग उघडणारे कमी झाले. डांबराच्या गोळ्या विरून गेल्या. एका पावसाळ्यात शेजारच्या ड्रॉवरमध्ये किडे आले आणि मला आठ दिवस कुरतडण्याचा आवाज ऐकू येत होता. तिथे एक धनेश असायचा. नंतर नुसती चोच होती.

मग शंकरबाबू आले. सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजी रजिस्टरात उतरवायचे काम त्यांना मिळाले होते. माणूस अतिशय प्रामाणिक. एक अक्षर सोडायचे नाहीत. अडचण एकच होती : त्यांना हिंदी येत होती आणि माझी चिठ्ठी मराठीत होती. लिपी तीच, त्यामुळे आपल्याला वाचता येते आहे असे त्यांना वाटले.

मित्रांनो, हिंदीत 'नाव' म्हणजे होडी. 'जागा' म्हणजे जागा झाला. 'खाली' म्हणजे रिकामी. आणि 'अजून' हा शब्द हिंदीत नाहीच. शंकरबाबूंनी चिठ्ठी ओढून धरली आणि कुणीतरी रफार द्यायला विसरले आहे असे समजून तो 'अर्जुन' वाचला. मग ते बोलत बोलत लिहू लागले. मी ऐकत होतो आणि माझा कापूस थंड पडत होता.

रजिस्टरात नोंद झाली : होडी होती, अर्जुन नव्हता. हिंदूराव जागा झाला. खिडकी रिकामी.

"बेचारा हिंदूराव," शंकरबाबू म्हणाले आणि त्यांनी पान उलटले.

होडी आली म्हणजे पाणी आले. पाणी आले म्हणजे मी पाणपक्षी. त्याच दुपारी मला उचलून बदकांच्या ड्रॉवरमध्ये ठेवण्यात आले. काय सांगू तुम्हाला! एका बाजूला चक्रवाक, दुसऱ्या बाजूला थापट्या, आणि मधे मी, दोन जाडजूड पाहुण्यांमध्ये बसवलेल्या लहान मुलासारखा. बदक मेले तरी त्याचे वजन जात नाही. ड्रॉवर जोरात लोटला की दोघेही माझ्याकडे सरकत. एकवीस वर्षे मी चपटा होण्याची वाट पाहिली.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजात रेवती नावाची मुलगी संशोधनाला आली. मराठी घरातली, पण जन्मापासून दिल्लीतल्याच आर. के. पुरममध्ये वाढलेली. घरी मराठी, घराबाहेर पाऊल टाकले की हिंदी. तिचे सर मानस. त्यांचे बोलणे माझ्या कपाटासमोरच चाले, त्यामुळे सगळे मला कळत गेले. रेवती रिजवर वटवट्यांचे आवाज टिपत होती. तिचे म्हणणे असे, की तिथल्या वटवट्याचे गाणे कुठल्याच ज्ञात वटवट्याशी जुळत नाही. ही जात वेगळी आहे. तिला नावच नाही. आणि झुडपे तोडता तोडता आता रिजवर तिचे अकराच पक्षी राहिले आहेत.

अकरा! मी होतो तेव्हा माझ्या एका झुडपातच तेवढे भाऊबंद भांडत असत.

"नाम नहीं होगा तो बचाएँगे किसको, सर?" ती म्हणायची.

पण शास्त्राचा एक नियम आहे. नव्या जातीला नाव द्यायचे, तर ते टांगायला एक खुंटी लागते. म्हणजे त्या जातीचा एक पक्षी संग्रहात कायमचा ठेवावा लागतो. रेवतीने वटवट्यांचा ड्रॉवर पुन्हा पुन्हा उपसला. रिजवरचा एकही जुना नमुना मिळाला नाही. मिळणार कसा? मी दोन कपाटे पलीकडे बदकांत होतो. मी वटवट्या, मित्रांनो! आयुष्यात एकदाच वटवट करायची गरज होती आणि चोच दोऱ्याने बांधलेली.

अखेर मानस सर म्हणाले, "परमिट आ गया है. सोमवार को जाल लगाएँगे. एक लेना पड़ेगा, रेवती."

"ग्यारह में से एक, सर?"

"बिना नाम के ग्यारह के ग्यारह जाएँगे."

तिने खुर्ची सरकवली तेवढी मला ऐकू आली.

तो शुक्रवार होता, आणि त्याच दिवशी विभागाची आवराआवर होती. नव्या इमारतीत कपाटे कमी होती. ज्या नमुन्याचा ठावठिकाणा खात्रीचा नाही, तो लाल थैलीत टाकायचा आणि थैली जाळायला पाठवायची. कारण कुठून आला हे माहीत नसलेला पक्षी म्हणजे पिसे लावलेला कापूस. मानस सर रजिस्टर वाचत आणि रेवती चिठ्ठी जुळवून नमुना उचले. माझ्या शेजारचा थापट्या राहिला. त्याच्याकडे भरतपूरचा पक्का पत्ता होता. चक्रवाकही राहिला.

"नेक्स्ट," सर म्हणाले. "बोट देअर... अर्जुन अ‍ॅब्सेंट... हिंदूराव अवेक... विंडो एम्प्टी. ये पक्षी है या नाटक? डालो थैली में."

एक हात माझ्या पाठीखाली आला. प्लास्टिक सळसळले. माझ्या अंगात रक्त असते तर ते गोठले असते. कापूस गोठत नाही, तो नुसता असतो, आणि ते जास्त वाईट.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने मला एका हातात धरून दुसऱ्या हाताने तो उचलला. पलीकडे तिची आई, लताबाई.

"डबा उघडलास का गं? लोणचं दिलंय."

"दिसलं नाही मला आई. विसरलीस यार तू."

"विसरत नसते मी. पोळ्यांच्या खाली बघ. खाली!"

"पोळ्यांखाली? अच्छा, अच्छा. बघते. ठेवते गं, थैली भरायचीय."

फोन बंद झाला. पण मित्रांनो, माणसाची जीभ लगेच घरून परत येत नाही. ती अजून आईशीच बोलत होती. त्याच जिभेने रेवतीने माझी चिठ्ठी सवयीने मोठ्याने वाचली, "नाव... अजून नाही. जागा, हिंदूराव. खिडकी... खाली." ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "खिडकीखाली!"

"क्या हुआ?" सर म्हणाले.

"सर, ये नाव नहीं है, नाम है!"

"नाव नहीं है तो लिखा क्यों है?"

"मराठी में नाव मतलब नाम, सर!"

"और नाव को क्या बोलते हो?"

"होडी."

"तो फिर होडी लिखना था न!"

"सर, होडी थी ही नहीं!" ती रडत होती की हसत होती, हे मला चिठ्ठीच्या थरथरण्यावरून कळेना. "और हिंदूराव आदमी नहीं, जगह है. रिज पे. हॉस्पिटलवाला हिंदूराव. बासष्ट साल पहले किसीने इसको वहीं उठाया, और नाव नहीं दिया. नाम! नाम नहीं दिया!"

मग सरांनी फोन लावला आणि सोमवारचे जाळे रद्द करायला सांगितले.

आता तुम्हाला वाटेल, माझी भीती संपली. कुठली संपते! मी वाचलो म्हणजे आता माझी तपासणी होणार होती. डीएनएसाठी माझ्या पायाच्या बोटाचा तुकडा कापायचा ठरला. रेवतीने पाते उचलले तेव्हा मी मनातल्या मनात त्या विशिष्ट माकडालाही हाक मारली. "सॉरी हां," ती हळूच म्हणाली. मिठाच्या खड्याएवढा तुकडा गेला. दुखले नाही. घाबरायचे ते मी घाबरून घेतले.

चार महिन्यांनी उत्तर आले. रिजवरच्या झुडपांत गळून पडलेल्या पिसांशी माझे बोट जुळले, आणि दुसऱ्या कुणाशीही नाही. आम्ही वेगळे होतो. पद्माकर थांबले होते ते बरोबर होते.

मग नावाचा प्रश्न आला. आमच्या कुळाचे शास्त्रीय नाव प्रिनिया. ते लॅटिन वाटते, पण मूळचे जावा बेटावरच्या लोकांच्या बोलीतले आहे. त्याच्यापुढे आमच्या जातीचे नाव लागणार होते. रेवतीने ते कागदावर लिहून सरांपुढे सरकवले.

"प्रिनिया अजून," सरांनी वाचले. "ये अजून कहाँ पड़ता है? पानीपत के आगे?"

"जगह नहीं है, सर. अजून मतलब अभी तक. स्टिल."

"अच्छा है," सर म्हणाले. "अभी तक ग्यारह हैं."

मित्रांनो, आता मी वेगळ्या कपाटात आहे, कुलपात. बदके नाहीत, किडे नाहीत. तरी मी पूर्वीपेक्षा जास्त घाबरतो. पूर्वी माझ्या पायाला एक चिठ्ठी होती, आता अख्खी जात टांगली आहे. रिजवर ते अकरा जण झुडपात भांडत असतील. त्यांना यातले काही माहीत नाही, आणि समोर स्वच्छ काचांच्या इमारती वाढत आहेत. तुमच्या घरची काच कुणी फार लख्ख पुसली, तर तिच्यावर कागदाचे एक पान चिकटवा. काही जपून ठेवाल, तर ते कुठे सापडले तेवढे लिहून ठेवा. काही टाकाल, तर आधी त्याची चिठ्ठी मोठ्याने वाचा, आणि शक्य असेल तर त्याआधी घरी फोन करा.

शंकरबाबूंची नोंद कोणी खोडली नाही. तसा नियमच आहे. अर्जुन कायमचा गैरहजर राहणार. पद्माकरांची चिठ्ठीही माझ्या पायाला तशीच आहे, पण तिच्यावर त्यांचे नाव नाही. ते दोघे कोण होते हे फक्त मला ठाऊक होते, आता तुम्हाला आहे. तिच्याशेजारी रेवतीने नवी चिठ्ठी बांधली आणि गाठ मारताना तिनेही ती मला वाचून दाखवली. जागा तीच आहे. खिडकीखाली तेच आहे. जुन्या चिठ्ठीतला फक्त एक शब्द तिने गाळला.

नाव : अजून.