देवरीपलीकडचं पेट्रोल

भाचीच्या लग्नात मामाला काम एकच असतं. मंगलाष्टकांच्या आधी भटजी पुकारतात, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं', आणि मामा तिला हाताला धरून बोहल्यावर आणतो. भैरवीला मामा एकच, मी. तिने आधीच बजावलं होतं, "मामा, तू आल्याशिवाय मी खोलीतून बाहेर येणार नाही."

लग्न राजनांदगावला होतं, दुपारच्या मुहूर्तावर. बायको रेल्वेने आधीच पोचली होती. मी सकाळी नागपूरहून गाडी काढली आणि टाकी मुद्दाम भरली नाही. छत्तीसगडात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त मिळतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. टाकी जितकी रिकामी नेऊ तितका फायदा मोठा, हा पुढचा विचार माझा स्वतःचा.

भंडारा गेलं, साकोली गेली. वाटेतल्या पंपांवर पेट्रोल भरणाऱ्यांची मला कीव येत होती. देवरीला टाकीचा लाल दिवा लागला. दिवा लागल्यावरही गाडी बरीच चालते, असं म्हणत मी एसी बंद केला. सीमा अगदी जवळ आली होती तेव्हा गाडी जंगलात थांबली.

मोटरसायकलवरचा एक माणूस थांबला. शालिकराम नाव सांगितलं.

"काय झालं गा साहेब?"

"पेट्रोल संपलं."

"देवरीले तर पंप होता ना?"

"होता. पण पुढे स्वस्त आहे."

मला वाटलं, हसेल. "खरं आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "मीबी तिकडंच चाललो. बसा. पोचलो तं पोचलो."

नाही पोचलो. सीमेच्या अलीकडेच त्याची मोटरसायकल खोकायला लागली. त्याने ती आडवी कलती केली, पुन्हा सुरू केली, थोडी चालवली आणि मग आम्ही दोघं ढकलायला लागलो. छत्तीसगडच्या स्वागतकमानीखालून मी रेशमी कुर्ता घालून, घाम गाळत आत शिरलो. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"कुठे पोचलात?"

"छत्तीसगडमध्ये." माहिती अचूक होती.

"धाप का लागली?"

"चढ आहे."

"गाडीत बसून चढ लागतो?"

पंपावरून कॅन भरून घेतला. शालिकरामने मला गाडीपर्यंत सोडलं आणि वर धीर दिला, "टेन्शन नका घेऊ, लग्नं वेळेवर लागत नसतात."

कॅनमधल्या पेट्रोलवर मी राजनांदगावला आरामात पोचलो असतो, तेही मुहूर्ताच्या आधी. हे मला कळत होतं. पण पुन्हा तोच पंप समोर आला. इतकी रिकामी टाकी घेऊन आपण इथे परत कधी येणार, असा विचार मनात आला आणि मी गाडी रांगेत लावली. रांगेतल्या बहुतेक गाड्या महाराष्ट्राच्या होत्या. माझ्यासारखेच हुशार लोक.

रांग सरकायला तास-दीड तास गेला. माझा नंबर आला आणि फोन वाजला. भैरवीच होती.

"मामा, भटजी पुकारून राहिले. कुठे आहेस तू?"

"आलोच गं."

"आलोच म्हणजे कुठे?"

तेवढ्यात पंपावरचा पोरगा खिडकीशी वाकून ओरडला, "भैया, फुल कर दूँ?"

पलीकडून फोन ठेवल्याचं कळलं. आणि खरं सांगायचं तर, मी त्या पोराला 'हो' म्हणालो.

पोचलो तेव्हा पंगत बसली होती. माझी बहीण तारा वाढत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दार लावून बसली होती पोरगी. शेवटी मीच आणलं तिला. जेवून घे."

व्हिडिओवाला मात्र माझी वाटच पाहत होता. अल्बममध्ये मामाची जागा रिकामी होती. माणसांना पुन्हा उभं करून काढलेले फोटो मी वर्तमानपत्रातल्या नोकरीत कायम परत पाठवत आलो. इथे निमूट उभा राहिलो. भैरवीने मंगळसूत्र शालूच्या पदराखाली लपवलं, हात पुढे केला आणि नाक मुरडलं.

"हात धुऊन ये आधी. पेट्रोलचा वास येतोय."

धुऊन आलो. तिने हात धरू दिला. आम्ही रिकाम्या बोहल्याकडे चालायला लागलो. पाठीमागे कुणी अक्षता झाडत होतं.

"मामाजी," व्हिडिओवाला म्हणाला, "थोडा रोना जैसा चेहरा दीजिए."

ते पहिल्या फटक्यात जमलं.