तिसरा पेला

आमच्या मॉरिटानियात ऊन आणि उद्घाटनं या दोन गोष्टींना तोटा नाही. तिन्वर गावाच्या सौरप्रकल्पाचं उद्घाटन गुरुवारी ठरलं, तेव्हा प्रकल्पाची पॅनेलं नुआकशॉटच्या बंदरात कुणाच्या तरी सहीसाठी अडून पडली होती. म्हणून मंगळवारी सरकारी गाडी आली आणि आमच्या दवाखान्याच्या छपरावरची दोन पॅनेलं काढून घेऊन गेली. याला चोरी म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात. त्या पॅनेलांवर दवाखान्याचा फ्रीज चालायचा, आणि फ्रीजमध्ये शुक्रवारचे पोलिओचे डोस होते.

"दोन तासांत परत आणतो, बाई," गाडीवाला सुईण तक्बेरला म्हणाला होता.

गुरुवारी तंबू लागला, गालिचे पसरले, टीव्हीवाले आले. आमचीच दोन पॅनेलं फीत बांधून उभी. प्रकल्पाचे संचालक इस्सलमू यांनी कळ दाबली, बल्ब पेटला, टाळ्या पडल्या. वाळूच्या टेकाडामागे लपवलेला डिझेलचा जनरेटर तेवढा ढासत होता.

"मास्तर, सूर्याला खोकला झालाय वाटतं," म्हातारा बाबाह माझ्या कानाशी म्हणाला.

मग चहा. करायला तक्बेर स्वतः बसली. पाहुण्याला तीन पेले. तिसरा सगळ्यांत गोड, आणि तो घेतल्याशिवाय उठणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. तिनं पहिला दिला, दुसरा दिला. मग या पेल्यातून त्या पेल्यात चहा ओतत बसली. फेस चढला, बसला, पुन्हा चढला. तासभर.

संचालकांनी घड्याळ पाहिलं. "बाई, तिसरा?"

"आधी माझी पॅनेलं छपरावर."

"अहो, ते कागदोपत्री बघू नंतर." ते उठू लागले.

बाबाह खाकरला. "बस की रे. तुझा आजोबा दोन पेल्यांवर कुणाच्या तंबूतून उठला नाही कधी."

कॅमेरे चालू होते. संचालक बसले. पॅनेलं चढली, फ्रीज गुरगुरला, तसा त्यांनी पेल्यासाठी हात पुढे केला. तक्बेरनं त्यावर औषधाची कुपी ठेवली.

"लेबलावरचा चौकोन बघा. औषध चांगलं असेल तर पांढरा असतो."

"हा काळा आहे."

"सगळे काळे आहेत! दोन दिवस भट्टीत ठेवलेत तुम्ही. उद्या एकेचाळीस पोरं येतील, काही तर दोन दिवसांच्या वाटेवरून, उंटावर. त्यांच्या आयांना हा चौकोन मी दाखवू की तुम्ही दाखवता?"

"नवे डोस मागवा ना. रीतसर अर्ज करा."

"पॅनेलं नेऊ नका, असा केला होता. आता अर्ज तुम्ही करा. फोन आहे ना हातात? बर्फाची पेटी आली की तिसरा पेला."

संचालकांनी फोन केला. आधी दरडावून, मग विनवून.

अतार शहराहून आमच्याकडे औषधं आणणाऱ्या गाडीला सात वर्षांत वेळेवर डिझेल मिळालेलं नाही. त्या दिवशी ती सूर्य मावळायच्या आत पोचली. तक्बेरनं एकेक कुपी उजेडाकडे धरली. चौकोन पांढरे. डोस फ्रीजमध्ये लावून ती परत आली आणि दुपारपासून उकळणारा तो काळाकुट्ट चहा तिनं पेल्यात ओतला.

संचालकांनी ओठ लावला आणि तोंड वाकडं केलं. "साखर?"

"संपली," तक्बेर म्हणाली. तान्ह्या पोराएवढी साखरेची ढेप तिच्या गुडघ्याशी पडली होती.

संचालकांनी ढेपेकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि पेला संपवला.