एकच्या आकड्यांची सरस्वती

आमच्या घरात कोणतीही गोष्ट सुरू करायची नसते, आधी ठरवायची असते. कूलर कोणता घ्यायचा हे ठरेपर्यंत पावसाळा लागला होता. त्यामुळे मी प्रोग्रामिंग शिकणार म्हटल्यावर ‘पहिली भाषा कोणती’ यावर घर सहा महिने बसलं, याचं मला नवल वाटायला नको होतं. वाटलं, आणि संतापही आला.

नवरा पराग मंत्रालयात. तो म्हणे जावा, कारण त्याच्या खात्याचं सगळं काम जावात. दीर शेखर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात. त्याचं म्हणणं, “वहिनी, पहले सी. पाया पक्का नसन तं बिल्डिंग पडते.” नणंद मीनल पुण्याहून फोनवर पायथन, पायथन करायची. सासरे यशवंतराव रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना यातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. सगळ्यांचं ऐकून ते म्हणायचे, “घाई नाही करायची, सूनबाई. गाडी एकदा चुकीच्या लाइनवर गेली का वापस आणनं कठीण जाते.”

मी गुणी सून. ज्याचा फोन येई त्याची भाषा उघडायची. तिन्ही भाषांचे पहिले चार धडे मला पाठ झाले होते, पाचवा एकीचाही नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

लग्न होऊन अमरावतीहून नवा रायपूरच्या या सेक्टरात आले तेव्हा रस्ते पाहून मी हरखून गेले होते. आता त्याच रस्त्यांचा राग येतो. एवढे रुंद, आणि पायी चालणारं कुणी नाही. कोपऱ्यावर दुकान नाही, मीठ मागायला शेजारीण नाही. पराग गाडी घेऊन गेला की मी दिवसभर आत. शहरात जायला सकाळी एक बस, ती चुकली की दुपारपर्यंत बसा. माहेरून फोन आला की मी सांगायचे, “मस्त मोकळी हवा आहे इथं.” हवाच तेवढी मोकळी होती.

अशात मीनलच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा, मोनालीचा फोन आला. ती गुढियारीत, म्हणजे जुन्या रायपुरात जिथं सासरचं आधीचं घर होतं त्या भागात, राइस मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. तिला एक मुलगी हवी होती, नवखी चालणार होती. मी घाबरत विचारलं, “कोणती भाषा लागेल?”

“कोई भी, दीदी. बस अपने हाथ का लिखा एक छोटा प्रोग्राम लाओ, जो चलता हो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच या. दुपारी एक और लडकी आ रही है, दोघींतली एक घेईन.”

एवढं सोपं होतं. दसऱ्याचा दिवस मी त्यासाठीच राखून ठेवला.

दसऱ्याला सकाळी न्हाऊन बाहेर येते तर पाटावर पूजा मांडलेली. पोथी, शेखरचा पाना, बाबांची रेल्वेतली शिट्टी आणि मधोमध माझा लॅपटॉप. झाकणावर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

“तुवं औजार हेच न?” बाबा कौतुकानं म्हणाले. “आता हात नाही लावायचा. उद्या मी आंघोळ करून अक्षता टाकीन, मंग उचलजो.”

बाबांचं फिरणं, मग चहा, मग आंघोळ. तोवर बस गेलेली असते. पराग दौऱ्यावर जगदलपूरला, म्हणजे गाडीही नाही. मी म्हटलं, “बाबा, उद्या सकाळीच मले गुढियारीला जायचं आहे.”

“त्या पोट्टीले सांग, पुढच्या हप्त्यात येतो म्हणून. अजून भाषाच कुठं ठरली?”

आणि मी मान डोलावली. कुणी दाराला कुलूप लावलं नव्हतं, मान मीच डोलावली. त्या क्षणी मला माझीच चीड आली.

आई, म्हणजे सासूबाई विमलाबाई, घरात फार बोलत नाहीत. त्यांनी माझ्या हातात पाटी दिली. “सरस्वती तू काढ वं यंदा. माहा हात कापते.”

आमच्याकडे दसऱ्याची सरस्वती एकच्या आकड्यांची असते. वरच्या ओळीत थोडे एक, खाली वाढत जायचे, मध्ये सगळ्यात जास्त, मग पुन्हा कमी करत आणायचे. मी रागारागातच काढत होते. एक ओळ, पुढची ओळ, दोन आकडे जास्त, पुन्हा तेच. आणि माझा हात थांबला. हाच तर चौथा धडा! तेच काम पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडं वाढवून. हे मी तिन्ही भाषांत शिकले होते, फक्त एकदाही स्वतःहून लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा फिरायला गेले आणि मी फूल बाजूला ठेवलं. पाप लागेल याची भीती नव्हती, बाबा येतील याची होती. झाकण उघडलं तर मीनलच्या पायथनचा धडा उघडाच होता. मग तीच. लिहिलं, चुकलं. पुन्हा लिहिलं, सरस्वती एका अंगाला कलली. तिसऱ्यांदा पडद्यावर एकच्या ओळी सरळ उभ्या राहिल्या. मी तोंडावर हात धरून हसले.

“पूजेतली वस्तू हलवली?” मागून बाबांचा आवाज आला. ते तावातावानं पुढे आले, पडद्याकडे पाहिलं आणि थबकले. मग चपला काढून त्यांनी हात जोडले. “हे तू काढली?”

“हो. मशीनकडून काढून घेतली.”

“सुंदर!” दोन वर्षांतलं त्यांचं पहिलं सुंदर. मी सुखावले, पण ते पाटासमोर मांडी घालून बसले. “आता हिले बंद नको करू अन् हलवू बी नको. संध्याकाळी पराग, शेखर आले का दाखवू.”

झालं. माझीच सरस्वती, आणि तिनंच मला कोंडलं. खाली रस्त्यावर बसचा हॉर्न ऐकू आला, पलीकडच्या सेक्टरातून ती वळत होती. माझी मान सवयीनं हलायला लागली, ती मी तिथंच आवरली.

“बाबा, ही माझ्यासोबत येईल,” मी म्हणाले आणि लॅपटॉप उघडाच उचलला. अक्षतांशिवाय.

“सूनबाई!”

तेवढ्यात आईंनी पाटी आणून रिकाम्या जागेवर ठेवली. “हे बी तिनंच काढली. इले पाहा दिवसभर. तिले जाऊ द्या.”

बाबांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, “पन भाषा कोनती ठरली?”

मी तोवर दारात होते. आई चपला पुढे सरकवत होत्या. गुढियारीतलं घर सोडल्यापासून त्या तिकडे एकदाही गेल्या नव्हत्या, हे मला तेव्हा आठवलं.

“पोचली का बाजारातनं एक चक्कर मारजो,” त्या हळूच म्हणाल्या. “अन् घरी येऊन मले सगळं सांगजो, काय काय आहे अजून तिथं.”