पेढ्यांची बातमी

कळस गावच्या मोहनरावांचा टीव्हीवर भारी विश्वास. बाजारभाव, हवामान, परदेशातल्या लढाया, सगळं ते तिथूनच घेत आणि पारावर येऊन स्वतः लढून आल्यासारखं सांगत. कुणी शंका काढलीच तर 'टीव्हीवर दावलंय' एवढं म्हणून त्याचं तोंड बंद करत. पण आखातात लढाई पेटली आणि त्यांचीच बोलती बंद झाली. लोणी देवकरच्या कारखान्यातली नोकरी सोडून गेलेला त्यांचा एकुलता एक गोकुळ तिकडच्या एका बंदरावर क्रेन चालवत होता. त्याच बंदरावर क्षेपणास्त्र पडलं. गोकुळचा फोन लागेना.

पुतणी माधवीनं सरकारी मदतकक्षाला कळवून त्याचं नाव बेपत्तांच्या यादीत घातलं. कक्षाची पथकं तिकडचे दवाखाने, छावण्या पालथ्या घालत होती, पण यादीतल्या नावांसाठीच. घरात टीव्ही अखंड चालू. बातम्या सांगणारे रणगाड्यांच्या चित्रांपुढं उभे राहून असे ओरडत, की एखाद्याला वाटावं क्रिकेटचा सामना रंगलाय. बंदराचं नाव चौघं चार तऱ्हांनी घेत. ठमाबाई तोंडाला पदर लावून बघत बसे. तिच्या पोराचं काय झालं, तेवढं कुणी सांगत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडदा लालभडक झाला. 'बंदरावरचे सर्व भारतीय सुखरूप.' कुणी सांगितलं, कुठून कळलं, कशाचा पत्ता नाही. मोहनरावांना त्याची गरजही वाटली नाही. ते देवापुढं आडवे झाले. तासाभरात बारामतीहून त्याच वाहिनीचा बातमीदार अविराज कॅमेरा घेऊन हजर. त्याला घरच्यांचा आनंद टिपायचा होता, आणि आपल्याकडं आनंद म्हणजे पेढे. मोहनरावांनी लगोलग दोन किलो मागवले. ठमाबाई तेवढी अडून बसली.

"त्येचा आवाज ऐकल्याबिगर मी त्वांड ग्वाड करायची न्हाय."

"अगं, साऱ्या देशाला सांगत्यात. ते काय खोटं बोलतील व्हय?"

चारचौघांत नवऱ्याचा शब्द मोडायला नको म्हणून तिनं तोंड उघडलं. मोहनरावांनी पेढा भरवला आणि कॅमेऱ्याकडं वळून छाती काढून सांगितलं, "आमचा गोकुळ सुखरूप हाय."

फोन आज येईल, उद्या येईल, असं करता करता आठ दिवस गेले. मग माधवीनं मदतकक्षाला विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की ते नाव यादीतून केव्हाच काढलंय. मुलगा सुखरूप असल्याचं वडिलांनीच टीव्हीवर सांगितलं होतं, पेढेसुद्धा वाटले होते. नाव पुन्हा घालता येईल. पण पथकं परवाच परत आली, आणि ओळख न पटलेली प्रेतं तिकडच्या लोकांनी पुरून टाकली. माधवीनं हे मोहनरावांना सांगितलं.

त्यांनी अविराजला फोन लावला. तो बिचारा ओशाळला. मुख्य कचेरीनं दुसऱ्या वाहिनीचं बघून ती बातमी चालवली होती, त्यांचा तिथं माणूसच नव्हता, हे त्यानं कबूल केलं. मग चूक झाली एवढं तरी सांगा, म्हणून मोहनरावांनी विनवलं.

"तात्या," तो म्हणाला, "लढाईच्या बातम्या आता कुणी बघत नाही."

त्या संध्याकाळी वाहिनी स्वतःचीच पाठ थोपटत होती. सगळ्यात आधी आम्ही, सगळ्यात खरं आम्ही. आणि एकदम पडद्यावर कळसचं घर आलं, पेढा भरवणारे मोहनराव आले, गोकुळ सुखरूप असल्याचं सांगू लागले. खऱ्या मोहनरावांनी बटण दाबायला हात पुढं केला, तो ठमाबाईनं धरला.

"बंद करू नगा," ती म्हणाली. "त्या माणसाला इचारा, माझं पोरगं कुठं हाय. त्येला ठावं दिसतंय."