खांबावरचा कापूस

कापूस अडकला. मी तो पुन्हा खांबावरून फिरवला, तर पुन्हा तिथंच अडकला, आणि या खेपेला पुंजक्यातली एक तार खांबालाच लटकून वाऱ्यावर हलू लागली. मग मी लुगडं सावरलं, त्याच खांबाला पाठ टेकली आणि भर मैदानात मांडी घालून बसले.

पिंपळखेडीच्या खो-खोची फायनल सुरू व्हायला पाच मिनिटं होती. डफडं वाजत होतं. माणसं बैलबंड्यांवर चढली होती, गोठ्यांच्या टिनांवर चढली होती. अठ्ठ्याऐंशी सालचा पौष, ऊन गोड होतं, आणि इतकी माणसं मी पोळ्यालाही एका जागी पाहिली नव्हती. एकीकडे आमचं तळेगाव, दुसरीकडे पिंपळखेडी. आमच्याकडून माझ्या मुलाची जयवंता खेळायची, त्यांच्याकडून माझ्या मुलीची नलू. माझी शकू त्याच गावात दिलेली. लोक म्हणत, आनंदाबाई, कोणीही जिंकलं तरी कप तुमच्याच घरात. लोकांना काय जातं बोलायला. मला कप तळेगावलाच हवा होता, आणि तोही विहिणीच्या डोळ्यांदेखत.

विहीण म्हणजे रुख्माबाई, शकूची सासू. ती बायकांच्या घोळक्यात सगळ्यात पुढं बसली होती. चौदा वर्षांत त्या बाईनं मला एकदाही शेवटचा शब्द बोलू दिला नव्हता आणि मीही तिला दिला नव्हता, त्यामुळे आमचं कोणतंच बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष भैयाजी धावत आले. पाहुणे येऊन बसले आहेत, हार सुकत आहेत, उठा म्हणाले. मी खांब खराब आहे म्हटलं. ते म्हणाले, दोन दिवस याच खांबावर सामने झाले, कोणाला खरचटलंही नाही, आणि वरून नवा ऑइलपेंट मारला आहे.

"कलप तर तुमीबी मिशीले लावता, भैयाजी," मी म्हटलं. "त्यानं आतलं पांढरं जाते का?"

टिनावरची माणसं हसली. भैयाजी हसले नाहीत.

कुठल्या तरी मोडक्या गोठ्याचं लाकूड कापून तो खांब रोवला होता. त्याला उभी चीर गेली होती. चिरेत माती लिंपून वरून लाल-पांढरे पट्टे ओढलेले. हाताला गुळगुळीतच लागायचा. पण आमचे हात कसले, निंदण-वेचणीनं घट्टे पडलेले, त्यांना काय कळतं. कापसाला कळतं. जिथं कूस, म्हणजे लाकडाचं बारीक टोक, असेल तिथं तार अडकते. तळेगावला रोज संध्याकाळी पोरी मैदानात उतरायच्या आधी मी दोन्ही खांबांवर कापूस फिरवते. पोरी मागून माझी नक्कल करतात. करोत. जयवंता वाऱ्यासारखी येते, एका हातानं खांब धरते आणि सगळं अंग गरकन फिरवून पलीकडून निघते. तेवढा वेळ तिचं सगळं वजन एका तळव्यावर असतं. हे तिला कुठं माहीत आहे. मला माहीत आहे.

पंच होते श्रावण गुरुजी. दोन्ही गावांना परके, म्हणून दोन्ही गावांना चालणारे. त्यांनी वाकून चिरेत नख घातलं, तर पेंटचा पापुद्राच निघून आला. बाई म्हणते ते खोटं नाही, म्हणाले. पण दुसरा खांब आहे का? भैयाजींकडे नव्हता. मग गुरुजींनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांत खांब मिळाला तर बदलू, नाही तर आहे त्यावर खेळायचं, आणि जे मैदानात येणार नाहीत ते हरले. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

गर्दीतून कोणी तरी ओरडलं, तळेगाव भ्यालं. मग बायकांतून तो आवाज आला, मी ज्याची वाटच पाहत होते.

"ईनबाई, हराचीच हौस होती तं घरी राहाचं होतं. काऊन पोरींचा खेळ मोडून राह्यल्या?"

माझ्या तोंडात जबाब तयार होता. पण जयवंता समोर येऊन बसली. डोळे भरलेले. खालच्या आवाजात म्हणाली, "आजी, मी खांब धरतच नाई. शप्पथ. ऊठ ना वं."

पोरगी खोटं बोलत नव्हती. खरंच धरणार नव्हती, पहिला खो मिळेपर्यंत.

तेवढ्यात पलीकडून नलू आली. बारा वर्षांची, पण जीभ थेट रुख्माबाईची. तिच्याच गावची माणसं मला हसत आहेत हे तिला बघवत नव्हतं, की तिला खेळायची घाई झाली होती, देव जाणे. "हे पाय आजी, काईच होत नाई," म्हणत ती चार पावलं मागं गेली आणि हात पुढं करून खांबावर झेप घेतली.

मी उठले कशी ते मला आजही सांगता येत नाही. गुडघे तर तेव्हाच गेलेले होते. पण मी तिचं मनगट हवेतच धरलं. तिचा तळवा माझ्या तोंडासमोर उघडा होता. पाच बोटं. घाबरून तिनं ती मिटली, आणि पाचही मिटली.

डफडं थांबलं होतं. बायकांमागं शकू उभी होती, पाण्याची कळशी डाव्या हातात धरून. ती सगळं डाव्याच हातानं उचलते. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत तिची. रुख्माबाईच्या घरी स्थळ घेऊन गेलो तेव्हा मी सांगितलं होतं, विळा लागला. मैदानात उड्या मारणारी पोर कोण करून घेतं, म्हणून. शकूनंही माझा शब्द सासरी आजवर राखला होता. पण त्यात एक गोष्ट शकूलाही माहीत नव्हती.

"शकूच्या हाताले विळा नाई लागला," मी म्हटलं. कोणाला म्हटलं, रुख्माबाईला की शकूला, की त्या टिनावरच्या माणसांना, ते राहू द्या. "खांब लागला. एकाहत्तर साली, खो-खोतच. आन् तो खांब खराब हाय हे मले आधीच मालूम होतं. कौतुकानं हात लावला, तं माह्या बोटाले कूस टोचली. म्या दातानं काढली, थुकली, आन् कोनाले बोलली नाई. पुढची जागा जाईन म्हनून जाऊन बसली. दुसऱ्याच खोले पोरगी खांब धरून वयली, आन् तिच्या तळव्यात फाक गेली."

रुख्माबाई उठून उभी राहिली.

"विळा म्हनलतं तुमी."

"खोटं म्हनलतं."

तिनं पदर खोचला, पाठ फिरवली आणि चालू लागली. गर्दीनं वाट दिली. शकूनं कळशी खाली ठेवली आणि माझ्याकडे न पाहता सासूच्या मागं गेली. मी तिथंच उभी. झालं, मनात आलं, कप गेला, सोयरीक गेली, आता या वयात माझी पोर माहेरी येऊन बसते. तरी नलूचं मनगट मी सोडलं नव्हतं. गुरुजी घड्याळ पाहत होते. चार मिनिटं, म्हणाले. मग तीन.

आणि गल्लीच्या तोंडाशी रुख्माबाई दिसली. खांद्यावर मुसळ. मागं शकू, तिच्या खांद्यावर शेजारणीचं मुसळ. दोघी अशा धपाधप येत होत्या की भैयाजी दोन पावलं मागं सरले.

रुख्माबाईनं मुसळ माझ्यासमोर उभं केलं.

"माह्या सासूचं हाय. चाळीस वर्सं म्या कांडलं यानं. फिरवा तुमचा कापूस."

मी फिरवला. वरून खालपर्यंत कापूस पाण्यासारखा सरकत आला आणि कुठं म्हणून थांबला नाही. दोन बायकांच्या जन्मभराच्या तळव्यांनी ते लाकूड असं घासलं होतं की कोणत्याही सुताराच्या रंध्यानं व्हायचं नाही.

"अडकला का?"

"नाई."

"मंग सरका बाजूले."

मी सरकले. पुढं काही बोलले नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

गुरुजींनी टेप लावला. जाडीला दोन बोटं कमी भरलं. त्यांनी दोन्हीकडच्या पोरींना विचारलं, चालेल का, आणि अठरा पोरी एका दमात ओरडल्या. शेजारणीच्या मुसळावरूनही कापूस तसाच सरकला. दोन्ही खांब उपटले, खड्डे खोल केले, लोखंडी कडीची बाजू खाली घालून मुसळं उभी केली, दगड ठोकले, माती चोपली. भैयाजींनी स्वतः हलवून पाहिली. शिट्टी झाली.

काय खेळल्या पोरी. धूळ अशी उडाली की पाहुण्यांचे हार दिसेनात. जयवंता मुसळ धरून फिरली की आमचं तळेगाव पायांवर उभं, नलू फिरली की ते टीनच खाली येतं की काय असं वाटायचं. शेवटच्या डावात गुण बरोबर झाले. आमची एकटी जयवंता पळत होती आणि अर्धं मिनिट उरलं होतं. तिनं तिघींना चकवलं. मग नलूला खो मिळाला. जयवंता मुसळाच्या पलीकडे वळली, आणि नलूनं एका हातानं मुसळाला मिठी मारून सगळं अंग आडवं फेकलं, जमिनीपासून हातभर वर, दुसरा हात लांब. मी ओरडले. कोणाच्या नावानं ओरडले ते मला विचारू नका. रुख्माबाईनं माझा दंड धरला होता, त्याचे वळ दोन दिवस राहिले.

नलूचं बोट जयवंताच्या टाचेला लागलं. एका गुणानं हरलो.

मी आधी नलूचा तळवा पाहिला. मग जयवंताचे दोन्ही. ती रडत होती, मला पाहू देईना, मी ओढून पाहिले. धूळ होती, बाकी काही नव्हतं.

मुसळं तिथंच राहू दे, रुख्माबाई म्हणाली, आता गिरणी आहे, कांडतं कोण. आणि कप हातात घेऊन तिनं मला गावभर ऐकू जाईल असं दोन-चार सुनावलं. ऐकून घेतलं. तिचा हक्कच होता त्या दिवशी.

उन्हं कलताना आमची बंडी निघाली. जयवंता तोंड फिरवून आत बसलेली. शकू वेशीपर्यंत चालत आली. वेस आली तशी तिनं जुवावर हात ठेवून बैल थांबवले.

"कोनतं बोट होतं, माय?"

मी उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं पुढं केलं. सतरा वर्षांत त्यावर काय दिसणार. तिनं ते उन्हाकडे धरून पाहिलं, नीट पाहिलं, मग आपल्या उजव्या तळव्यात घेतलं. अंगठा आणि दोन बोटं माझ्या बोटावर मिटली. उरलेली दोन सरळच राहिली.