झाकली मूठ

सकाळी पुष्पाबाईच्या मुठी उघडत नसत. तिचे यजमान निंबा आबा ओट्यावर बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवायचे, "आमच्या घरात झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर भाकरी थापाव्या लागतीन ना." लोक हसायचे. ती मुकाट्याने गरम पाण्यात हात बुडवून बसायची आणि मग सगळ्यांच्या भाकरी थापायचीच. तरी जामनेरच्या त्या गल्लीत नाव पडलं ते कामचोर. तेच नाव घेऊन बिचारी गेली.

आता तशाच मुठी मांडीवर घेऊन तिची लेक नूतन जळगावात डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला नवरा, नवल. धुळ्याहून निघतानाच त्याने तिला बजावलं होतं, "दुखनं माहेरनं निंघनं, तर तू माहेरलेच ऱ्हाय." दुखणं आईकडून आलेलं ठरलं तर नांदवणार नाही, ही धमकी आबांच्याही कानावर आली होती.

"हा आमवात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीरातल्या राखणदार पेशी एकमेकींना निरोप धाडतात, शत्रू आला म्हणून. इथे शत्रू नाहीच, पण निरोप थांबत नाहीत, आणि त्या आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. काहींच्या जनुकांतच त्याचा कल असतो, आईबापांकडून आलेला. अर्थात कल असला म्हणजे रोग होतोच असं नाही. आईला होतं का असं काही?"

नवलने मान वर केली.

"तिले काई रोग नव्हता," आबा घाईघाईने म्हणाले. "कामाचा कंटाळा होता, बस."

आबा आपल्यासाठीच खोटं बोलताहेत, हे नूतनला कळलं. जन्मभर फुकट दिलेली शिवी आज लेकीचा संसार वाचवायला कामी येत होती. तिला बापाची कीव आली आणि चीडही.

नवल हसला. "मंग काय, खाण तशी माती."

ते हसू तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ओट्यावरचं.

"होता," नूतन म्हणाली. "आईलाही हाच रोग होता. मरेपर्यंत. लिहून घ्या, बाई."

नवल उठला आणि बाहेर निघून गेला. 

"काय केलं हे, पोरी," आबा पुटपुटले. "मूठ झाकलेली राहू द्यायची होती."

"झाकलेली नव्हती, आबा," नूतन म्हणाली. "तिला ती उघडता येत नव्हती."